गच्चीवरचं तांबं

पडद्यावरची रेघ मुकाट्यानं डावीकडून उजवीकडे सरकत होती. मध्येच एक लहानसा उंचवटा, मग थोडं सपाट, मग आणखी एक. आणि उजव्या टोकाशी पोचल्यावर ती अशी काही ताडकन उभी राहिली, की ताईसुद्धा खुर्चीतून ताडकन उठली. मांडीवरचं चष्म्याचं घर खाली पडलं, त्याच्यावर तिचाच पाय पडला, तरी तिचं लक्ष नाही.

"आला! अहो आला, बघा!"

"कोण आला?" पलीकडच्या टेबलावरून सावकाशबाईंनी मान वर न करता विचारलं. या ताईच्या प्रयोगशाळेतल्या सोबतीण. कुणी जरा घाई केली की त्या "सावकाश, सावकाश" म्हणायच्या, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

"तांबं! केवढा डोंगर आलाय तांब्याचा!"

ताईचं काम हवेतली धूळ तपासायचं. तपासायचं म्हणजे तिच्यात कुठला धातू किती आहे ते शोधायचं. त्यांच्या महाविद्यालयापासून दोन चौक पुढे एक शाळा होती. तिच्या गच्चीवर ताईनं एक पंप बसवला होता. तो दिवसभर हवा ओढायचा आणि ती हवा एका गोल पांढऱ्या फिल्टरमधून जायची. संध्याकाळी फिल्टर असा करडा होऊन हातात यायचा, की आपण हेच छातीत भरून घेतो हे आठवून माणूस क्षणभर श्वास घ्यायचा थांबावा. त्याची एक पट्टी कातरायची, गरम आम्लात धातू उतरवून घ्यायचे, गाळायचं, पातळ करायचं, आणि तो पाण्यासारखा दिसणारा द्राव काचेच्या वाटीत घेऊन त्यात पाऱ्याचा एक थेंब लोंबता सोडायचा. थेंब केवढा? टाचणीच्या डोक्याएवढा.

खरी गंमत पुढेच. थेंबाला वीज लावली की द्रावात विखुरलेले धातू त्याच्याकडे ओढले जातात आणि त्याच्या पोटात शिरतात. सगळे आत जमले की वीज हळूहळू उलट्या बाजूला न्यायची. मग एकेक जण उठून बाहेर पडतो, आणि प्रत्येकाची उठायची वेळ ठरलेली. जस्त सगळ्यात आधी उठतं. मग कॅडमियम असलं तर ते. मग शिसं. तांबं सगळ्यात शेवटी, यजमान जांभया द्यायला लागले तरी हलायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं. जो बाहेर पडेल त्याच्यापाशी पडद्यावरची रेघ वर जाते. किती वर गेली यावरून तो किती होता ते कळतं.

हे सगळं करणाऱ्या यंत्राला प्रयोगशाळेत 'डबा' म्हणत. तो कपाटात फडक्याखाली पडून होता. धूळ तपासायची तर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवा आणि रांगेत बसा, अशी पद्धत. ताईनं डबा बाहेर काढला, पुसला, त्याच्याशी भांडली, त्याला गोंजारलं. आजवर त्यानं तिला उंचवटे दाखवले होते, पण असे, की ते आहेत असं म्हणायला आधी तशी इच्छा असावी लागे. आणि आज डोंगर!

"सावकाश," सावकाशबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा काढ."

ताईनं पुन्हा काढला. पुन्हा डोंगर. मग सावकाशबाई "आता कोरा फिल्टर पण—" म्हणेपर्यंत तिनं शाळेला फोन लावलासुद्धा.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळेच मोठ्या बाई म्हणत. वरच्या मजल्यावरची मुलं सारखी खोकतात म्हणून त्यांनीच गच्ची दिली होती, आणि भेटतील तेव्हा विचारत होत्या, "सापडलं का काही?"

"सापडलं, बाई!" ताई फोनमध्ये जवळजवळ ओरडलीच. "तांबं! नेहमीपेक्षा कितीतरी पट!"

"तांबं? हवेत? कुठून येत असेल?"

"जवळूनच कुठूनतरी. आसपास तांब्यापितळेचं काम कुठे चालत असेल तर—"

इथे ताईनं जीभ चावली. मग मोठ्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "आमच्या तळमजल्यावरच चालतं की."

चालत होतं. शाळेच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करायचं एक दुकान होतं. आणि त्या दुकानात बसणारा माणूस म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी रडायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून घरात त्याला भोंगा म्हणत. पुढे तो भोंगेच दुरुस्त करायला लागला तेव्हा आई म्हणाली होती, याला दुसरं काही जमलंच नसतं.

"शुक्रवारी शाळेची समिती बसतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या जागेचं पुढे काय करायचं ते ठरायचंच आहे. हे मला तिथे सांगावं लागेल. तुम्ही समजून घ्याल."

ताईनं फोन ठेवला. पडद्यावरचा डोंगर तसाच उभा होता, तिच्याकडे बघत.

"मी म्हटलं होतं, सावकाश," सावकाशबाई म्हणाल्या. पण मग उठून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

*

भोंग्याच्या दुकानात शिरताना वाकावं लागे, कारण दारातच ट्रॉम्बोन टांगलेले. आत भिंतीवर ट्रम्पेट, कोपऱ्यात पोचा आलेला ट्युबा, जमिनीवर लोखंडी गोळे, लाकडी हातोड्या, फडकी. मध्ये पॉलिशचं चाक गरगरत होतं आणि त्याच्यासमोर भोंगा, तोंडाला रुमाल बांधून. कुठल्याशा बँडनं आपली सगळीच्या सगळी वाद्यं त्याच्याकडे चकाकायला टाकली होती आणि तो महिनाभर नुसता घासत होता. त्याच्या भुवयासुद्धा सोनेरी झाल्या होत्या.

ताईनं काही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यानं चाक बंद केलं.

"म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीनं मला पकडून दिलं."

"मी तुला पकडून दिलं नाही रे. मी तांबं पकडलं."

"आणि ते काय माझ्या खिशात सापडलं?" त्यानं रुमाल काढला. रुमालाखालचं तोंड तेवढं माणसाचं होतं, वरचं पुतळ्याचं. "ताई, ही जागा गेली तर मला दुसरी कोण देणार? दिवसभर ठाकठूक आणि मधूनच पोंऽऽ! वर शाळा आहे म्हणून चालतं, पोरांचाच आवाज माझ्यापेक्षा जास्त. घरांच्या मध्ये कुणी उभं करेल का मला?"

"ठाऊक आहे मला."

"मग सांग की, यंत्र चुकलं म्हणून."

"चुकलं असेल तर सांगेन. नसेल तर नाही सांगणार."

"वा! आईच बोलतेय असं वाटलं."

"आई असती तर तुला आधी तोंड धुवायला लावलं असतं."

तो हसला नाही. यावर तो हसला नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ताई ट्युबाच्या पेटीवर बसली. चाकाखालच्या पत्र्यावर पिवळ्या धुळीचा थर साचला होता. तिनं त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि एकदम उभी राहिली.

"हे पितळ आहे."

"नाही, चांदी. बहिणीसाठी राखून ठेवली होती."

"अरे, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त! तुझी धूळ वर आली असेल तर तांब्याबरोबर जस्तही यायला पाहिजे. आणि आज जस्त होतं नेहमीएवढंच! एवढंसं!" तिनं बोटाच्या पेरावर अंगठा टेकवून दाखवलं. "भोंग्या, तो डोंगर तुझा नाहीच!"

आता मात्र भोंग्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि तिला गर्रकन फिरवलं. एक ट्रॉम्बोन तिच्या डोक्याला लागला. दोघंही लहानपणी हसायची तशी, आवाज न करता, खांदे हलवत हसली.

घरी जाताना, रस्ता ओलांडता ओलांडता, ताईचे पाय थांबले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

पाऱ्याच्या थेंबात तांबं खूप झालं की जस्त त्याच्या गळ्यात हात टाकून बसतं. मग ते आपल्या वेळेला उठतच नाही. तांबं निघालं की त्याच्याबरोबर निघतं, आणि डोंगरात मिसळून जातं. म्हणजे जस्त कमी दिसलं याचा अर्थ जस्त कमी आहे असा होतोच असं नाही. कदाचित ते डोंगराच्या आत लपलेलं असेल. हे तिनं स्वतःच नव्या मुलांना कितीदा शिकवलं होतं.

रात्री भोंग्याचा फोन आला, नुसता आनंदात. तिनं "उद्या बघू" म्हणून ठेवून दिला. त्याला पुन्हा खाली आपटायचं तर आधी खात्री तरी असावी.

*

"गॅलियम," सकाळी सावकाशबाई म्हणाल्या. ताई बोलायच्या आधीच त्यांनी कपाट उघडलं होतं.

गॅलियम हा मोठा गमतीचा धातू. हातावर घेतला तर तळव्याच्या उबेनं वितळतो. पण त्यांच्याकडे होता तो द्रावात विरघळलेला, छोट्या बाटलीत. त्याचा उपयोग असा, की तांब्याला जस्तापेक्षा त्याची संगत जास्त आवडते. वाटीत तो टाकला की तांबं त्याला जाऊन बिलगतं, आणि जस्त बिचारं मोकळं होऊन आपल्या ठरलेल्या वेळी उठतं.

पण हे इथे, आपल्या डब्यात, खरंच होतं का? ताईनं भोंग्याच्या पत्र्यावरची पिवळी धूळ पुडीत आणली होती. आधी ती उतरवून तपासली. गॅलियम न टाकता: तांबं मोठं, जस्त त्यामानानं कुठल्याकुठे दबलेलं. बघा, म्हणजे लपतं! तिनं गॅलियमचे थेंब टाकले, पाऱ्याचा जुना थेंब पाडून नवा लोंबवला, आणि पुन्हा रेघ सोडली.

डाव्या बाजूला जस्त असं उसळून वर आलं, की सावकाशबाई चक्क टेबलावरून उठून आल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्या कुणी टाळ्या वाजवण्यासारखं होतं.

"आता गच्चीचा," ताई म्हणाली. गच्चीच्या द्रावात तिनं तसंच गॅलियम टाकलं. थेंब लोंबवला. ढवळणारी काडी फिरत राहिली, धातू थेंबात शिरत राहिले, आणि त्या दोघी पडद्याकडे वाकल्या. रेघ निघाली. जस्ताची जागा आली. रेघ थोडीशी वर गेली, नेहमीएवढी, आणि खाली आली. पुढे शिसं, नेहमीएवढंच. आणि मग तांबं, उंचच उंच.

"नाही!" ताई ओरडली. "जस्त नाही! हे पितळ नाही, हे नुसतं तांबं आहे! शुद्ध तांबं!"

"सावकाश," सावकाशबाई म्हणाल्या, पण त्यांचा स्वतःचाच आवाज चढला होता. "मग शुद्ध तांबं शाळेच्या गच्चीवर आणून टाकतंय कोण?"

*

गच्चीवर जायला ताईनं जिना धावत चढला, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत धावत आणि पुढे कठड्याला धरून. खाली मधली सुट्टी होती. कुणीतरी कुणाचा तरी खाऊचा डबा पळवला होता आणि सगळी शाळा त्याच्या मागे लागली होती. ताईनं गच्चीवरून चारी दिशांना बघितलं. तांबं उडेल असं काय आहे? विजेची तार? ती कुठे झिजतेय! पलीकडे धुलाईवाला, त्याच्या पलीकडे सायकलींचं दुकान, मग झाडं. तांब्याचं कुणीच नाही.

पंप पाण्याच्या टाकीमागे, कोपऱ्यात, किंईऽऽ असा एकसुरी आवाज करत होता. ती त्याच्यापाशी उकिडवी बसली. धाप लागली होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपल्या तोंडावर गरम वारा येतोय. गच्चीवर वारा गार होता. मग हा गरम कुठून आला?

पंपाच्या मागच्या तोंडातून हवा बाहेर पडत होती, टाकीच्या भिंतीवर आपटत होती, आणि फिरून पुढे येत होती. जिथे फिल्टर होता तिथे. ताईनं त्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. उन्हात धरलं, तर त्या काळ्यात बारीक लालसर चमक.

पंपाच्या पोटात मोटर असते. मोटरीत तांब्याचं कडं गरगरतं, आणि त्याच्यावर कार्बनचे दोन ठोकळे सतत घासत असतात. घासले की झिजतात, ठोकळेही आणि कडंही. ती सगळी झीज पंप मागच्या तोंडानं बाहेर फेकत होता आणि पुढच्या तोंडानं पुन्हा आत ओढत होता. शाळेची हवा राहिली बाजूला, पंप स्वतःचाच श्वास तपासायला देत होता.

आणि त्याला या कोपऱ्यात कुणी आणून बसवलं होतं? आधी तो मोकळ्या गच्चीच्या मधोमध होता. महिन्यापूर्वी भोंगा कुरकुरला होता, "ताई, तुझा तो पंप दिवसभर एकच सूर धरून बसतो. मी ट्रम्पेट लावायला घेतला की कानात तोच. लोकांची वाद्यं बेसूर करून देऊ का?" तिला दया आली. तिनं स्वतः, दोन्ही हातांनी ओढत, कंबर धरेपर्यंत, पंप टाकीमागे नेला. त्याच आठवड्यात बँडची वाद्यं घासायला आली. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, आणि तिनं दुसरीच तेवढी बघितली. त्यानंतर डब्यावर तपासलेला पहिलाच फिल्टर म्हणजे तो डोंगर.

ताईनं पिशवीतून कोरा फिल्टर काढला आणि पंपाच्या मागच्या तोंडासमोर धरून बसली. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. तासाभरानं तो प्रयोगशाळेत नेऊन, आम्लात उतरवून तिनं डब्यावर लावला तेव्हा तांब्याची रेघ पडद्याच्या बाहेरच गेली. टोक दिसेना. ताई हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि सावकाशबाईंनी कपाळाला हात लावला.

"भावावरच्या मायेपायी," त्या म्हणाल्या, "भावालाच बुडवत होतीस की गं तू!"

*

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरच्या वह्यांचा गठ्ठा नीट केला, पुन्हा नीट केला.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात डोंगर सापडला. आज म्हणताय तो पंपाचाच होता."

"हो. चूक माझी. पंप मीच हलवला, आणि पुरतं तपासायच्या आधी फोनही मीच केला."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण समितीत पहिलं कोण बोलेल आणि काय बोलेल ते मी आत्ता सांगते. भाऊ कुणाचा? तुमचा. यंत्र कुणाचं? तुमचं. चूक सापडली कुणाला? तुम्हालाच. आणि बाकीचे माना डोलावतील."

समितीत ताई असती तर तीही हेच बोलली असती.

"मग असं करा," ती एकदम म्हणाली, "मला काही सांगूच नका! पंप मी आज मधोमध आणते. मागच्या तोंडाला लांब नळी लावून हवा पार त्या टोकाला, खाली सोडते. मग दोन दिवस तपासू. एक दिवस दुकान बंद, एक दिवस चालू. फिल्टर तुम्ही लावायचे, तुम्ही काढायचे. फिल्टरच्या डब्यांवर खूण तुमची. कुठला कुठल्या दिवसाचा ते तुमच्याकडेच ठेवा. मी नुसतं तपासून सांगते, भोंग्याचा दिवस कुठला."

मोठ्या बाईंचे डोळे चमकले. पन्नाशीच्या बाईचे नव्हे, कोडं घातलेल्या मुलीचे. "आणि दोन्ही सारखेच आले तर?"

"तर त्याचं तांबं वर पोचत नाही."

"किंवा तुमच्या यंत्राला ते दिसत नाही."

"किंवा तसं," ताई म्हणाली. हे मात्र तिला झोंबलं.

भोंग्याला तिनं बजावलं, "तुझ्या दिवशी हात राखून काम करायचं नाही. रोजच्यापेक्षा जास्त घास. दारं उघडी ठेव."

"म्हणजे फासाची दोरी मीच वळू?"

"वळ. आणि घट्ट वळ. थोडं घासलंस आणि थोडं आलं, तर ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. माझ्या तर नाहीच."

तो दिवसभर असा घासत राहिला, की संध्याकाळी त्याची बायको त्याला जेवायला बोलवायला आली ती म्हणाली, "घरात येण्याआधी तुम्हालाच चाकावर धरायला हवं."

*

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत गर्दी झाली. म्हणजे चौघंच, पण त्या खोलीत चौघं ही गर्दी. मोठ्या बाईंनी पर्समधून दोन चपट्या डब्या काढल्या. एकीला लाल दोरा, एकीला निळा. कुठला दोरा कुठल्या दिवसाचा ते त्यांनाच ठाऊक. पट्ट्या त्यांनी स्वतः कातरल्या, सावकाशबाईंनी दाखवलं तशा. आम्लात धातू उतरेपर्यंत भोंगा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालून आला. तो आज चोळून अंघोळ करून आला होता, तरी कानामागे पिवळं राहिलंच होतं.

आणि ताईच्या मनाची काय अवस्था होती म्हणता? भावाची बहीण म्हणत होती, दोन्ही रेघा सारख्याच येऊ देत. आणि डब्याला कपाटातून काढून माणसात आणणारी ताई म्हणत होती, येऊ देत फरक! एवढासा का असेना, दिसू दे! दोघी एकाच खुर्चीत बसल्या होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या.

आधी लाल. गॅलियम, थेंब, ढवळणं, थांबणं. रेघ निघाली. जस्त थोडं. शिसं थोडं. मग तांबं आलं. रेघ वर गेली, डोंगरासारखी नव्हे, टेकाडासारखी, आणि खाली उतरली.

"हे कुणाचं?" भोंगा कुजबुजला.

"गप," तिघी एकदम म्हणाल्या.

मग निळा. ताईनं नवा थेंब लोंबवला. दुसरी रेघ पहिलीच्याच वाटेनं निघाली, तिच्या पावलांवर पाऊल टाकत. जस्ताच्या जागी आली, आणि तिथे पहिलीपासून सुटली. किंचित वर. शिशापाशी दोघी पुन्हा एक झाल्या, जणू वेगळ्या झाल्याच नव्हत्या. आणि तांब्यापाशी पुन्हा सुटल्या. पुन्हा निळी वर. दोघींच्या मध्ये केसभर फट.

ताईनं घाई केली नाही. दोन्ही पुन्हा काढल्या. तीच फट. मग प्रत्येक वाटीत प्रमाण ठाऊक असलेल्या जस्ताचा आणि तांब्याचा एकेक थेंब घालून रेघ किती वाढते ते बघितलं, हिशेब मांडला. मग ती वळली. तिचा चेहरा असा फुलला होता, की भोंग्याला वाटलं आपण सुटलो.

"निळा," ती म्हणाली. "निळा दोरा भोंग्याचा दिवस. जस्त आणि तांबं, दोन्ही वाढलंय, आणि तुझ्या पितळेत ज्या प्रमाणात आहे जवळजवळ त्याच प्रमाणात. बाकी काही वाढलेलं नाही. बाई, बरोबर?"

मोठ्या बाईंनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा निळ्या दोऱ्याकडे.

"बरोबर!" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याही नकळत त्यांनी टाळी वाजवली.

"दिसलं!" ताईनं सावकाशबाईंना मिठी मारली. "एवढंसं होतं, तरी दिसलं!" आणि मग तिला भोंग्याचा चेहरा दिसला.

"म्हणजे सापडलो मी," तो म्हणाला.

"सापडलास. थोडी धूळ वर जाते तुझी. चाकाला पत्र्याचं तोंड बसवून पंख्यानं ओढून पिशवीत घ्यायला पाहिजे. ते मी बाईंसमोरच सांगते. पण भोंग्या, हा बंद दिवस आणि हा तुझा दिवस, इकडे बघ. ही जी मध्ये फट आहे ना, तेवढाच तू."

भोंगा वाकला. नाक पडद्याला लागेल इतका वाकला.

"हा मी?"

"हा तू."

"ही केसाएवढी फट?" त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, पण तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी येत होतं. "दिवसभर हात तुटेपर्यंत घासलं, दारं उघडी टाकून, आणि एवढासाच?"

"यात मुलं खोकावीत एवढं काही नाही," मोठ्या बाई पर्स बंद करत म्हणाल्या. "मी समितीत तसंच सांगणार, दोन्ही दोऱ्यांसकट. चाकाला पिशवी बसेपर्यंत पॉलिश बंद. बसली की दुकान तिथेच. कुणी आड आलं तर त्याला इथे आणून या खुर्चीत बसवीन. आणि ताई, खोकला तांब्याचा नाही हे कळलं, पण मग आहे कशाचा ते राहिलंच. सोमवारपासून वरच्या मजल्याच्या खिडकीत लावायचा का पंप?"

"सोमवार कशाला, उद्याच!" ताई म्हणाली.

सावकाशबाईंनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच न बोलता मिटलं.

भोंगा अजून पडद्यापुढून हलला नव्हता. "ताई," तो म्हणाला, "तो थेंब जरा नीट लोंबव आणि पुन्हा एकदा काढ. मी याहून मोठा असलो पाहिजे."